आपले गाणे दुसऱ्याने गाऊन चालेल का?



लहान धर्मग्रामांत एक अडचण आता वरचेवर येते. रविवारच्या मिस्साला गाणारे कमी पडतात. पेटी वाजवणारा कुरकुंभच्या एमआयडीसीत पाळीवर असतो, नाहीतर नोकरीसाठी पुण्याला गेलेला असतो. ढोलकीवर बसायला कोणी नसते. ज्यांना जुन्या चाली तोंडपाठ आहेत अशा आजीबाई गुडघेदुखीमुळे घराबाहेर पडत नाहीत. मग कोणीतरी अगदी चांगल्या हेतूने सुचवते, "मोबाइलवर सगळी गाणी मिळतात. स्पीकरला जोडून लावू या. आवाज गोड, ताल बरोबर, चुकायचा प्रश्नच नाही."

ही सूचना ऐकताना आपल्यातल्या काहींना बरे वाटते आणि काहींना आत कुठेतरी खटकते. बरे वाटणाऱ्यांची कारणे सरळ आहेत. खटकणाऱ्यांना मात्र आपल्याला काय खटकते ते नीट सांगता येत नाही. "पूर्वी असे नव्हते" एवढेच ते म्हणतात आणि गप्प बसतात. पण पूर्वी नव्हते म्हणून एखादी गोष्ट चुकीची ठरत नाही. पूर्वी चर्चमध्ये पंखेही नव्हते. म्हणून या आठवड्यात या प्रश्नाचा आपण शांतपणे विचार करू या. प्रश्न असा आहे: देवाची स्तुती आपल्या वतीने दुसऱ्या कोणी, किंवा दुसऱ्या कशाने, केली तर चालेल का?

दोन प्रकारची कामे

माणसाची काही कामे अशी असतात की ती दुसऱ्याने केली तरी पुरी होतात. आपले शेत शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने नांगरले तरी ते नांगरलेलेच असते. आपले सोसायटीचे कर्ज भावाने फेडले तर ते फिटते. सोसायटी विचारत नाही की पैसे कोणाच्या हाताने आले.

पण काही कामे अशी असतात की ती ज्याची त्यानेच करावी लागतात. आपण कोणाचे मन दुखावले आणि माफी मागायला गड्याला पाठवले, तर माफी मागितली असे होत नाही. गड्याने आपल्यापेक्षा चांगल्या शब्दांत मागितली तरी होत नाही. पश्चात्ताप, आभार, सांत्वन, शपथ ही सगळी याच जातीची कामे. लग्नात वचन देताना नवऱ्या मुलाचा आवाज कापतो, शब्द अडखळतो. म्हणून कोणी म्हणत नाही की एखाद्या चांगल्या वक्त्याला त्याच्या जागी उभे करा.

आता गाणे या दोहोंपैकी कोणत्या जातीचे? उपासनेत चांगले संगीत निर्माण व्हावे एवढाच हेतू असेल, तर ते पहिल्या जातीचे काम आहे आणि जिथून चांगले मिळेल तिथून ते आणावे. पण गाणे म्हणजे आभार मानणे असेल, तर ते दुसऱ्या जातीचे काम आहे. मग बेसूर का होईना, आपल्या तोंडून निघालेल्या गाण्याला जे मोल आहे, ते उसन्या गोड आवाजाला येणार नाही.

या दोन टोकांच्या मध्ये बरेच काही आहे, हेही खरे. आजाऱ्याच्या खाटेशी घरचे लोक गातात तेव्हा तो त्यांच्या गाण्यात सामील असतोच. ज्याला बोलता येत नाही, तोही उपासनेत असतो. गायनमंडळ गात असताना बाकीचे मन लावून ऐकतात, तीही प्रार्थनाच. तेव्हा प्रत्येकाने मोठ्याने गायलेच पाहिजे असा नियम करता येणार नाही. पण या सगळ्या उदाहरणांत गाणारा माणूस आपल्यातलाच असतो, त्याच घटकेला, त्याच वेदीसमोर उभा असतो. मोबाइलमध्ये त्या घटकेला कोणी नसते. ज्याने ते गाणे ध्वनिमुद्रित केले त्याने आपली भक्ती त्या दिवशी देवाला दिली. ती त्याची झाली. आपली अजून द्यायची राहिलीच.

घरातली वही

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी गाण्याची एक वही असते. दोनशे पानी, पुठ्ठा सुटू नये म्हणून पाठीला कापडाची पट्टी चिकटवलेली. पहिल्या पानावर क्रूस, खाली नाव आणि साल. आत आगमनकाळाची, नाताळची, उपवासकाळाची, मतमाउलीची आणि मयताच्या वेळची गाणी. एक गाणे निळ्या शाईत, दुसरे जांभळ्या, तिसरे पेन्सिलीने. मध्येच एखादे पान वेगळ्या हाताचे. लिहिणारीचे लग्न झाले आणि पुढे धाकट्या बहिणीने वही चालवली, एवढा इतिहास त्या बदललेल्या अक्षरातून कळतो.

या वह्या भरल्या त्याला कारण होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. १९६० च्या दशकात ती मराठीत आली आणि मराठी गाण्यांची गरज एकदम वाढली. छापील पुस्तके सगळ्यांना पुरण्याइतकी नव्हती. मग हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जावे, तिथे ऐकलेले नवे गाणे उतरवून आणावे. एखाद्या सिस्टरांकडून, धर्मशिक्षक मास्तरांकडून, लग्नात आलेल्या पाहुण्यांकडून दुसरे मिळवावे, असे चालले. त्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनेही आली. टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तो प्रॉटेस्टंट मंडळीत. पण गाणे वहीत उतरवताना कोणी पंथ विचारला नाही. आपल्या शेजारच्या केडगावात पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये बायकांनी स्वतः खिळे जुळवून मराठी बायबल छापले. छापखान्याचे एवढे मोठे काम चालणाऱ्या गावाच्या आसपासही घरोघर हाताने लिहायची गरज संपली नव्हती.

अशा वहीचे मोल काय? कागद म्हणून काहीच नाही. पण ज्याने ती लिहिली त्याने प्रत्येक शब्द हाताखालून घातला आहे. उतरवून घेणे हे एक प्रकारे शिकणेच असते. झेरॉक्स काढताना आपण एकही ओळ वाचत नाही. हाताने लिहिताना एकही ओळ न वाचता पुढे जाता येत नाही.

इंग्लंडमधल्या खेड्यांतली गोष्ट

हे फक्त आपल्याच इकडे घडले असे नाही. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या पूर्वार्धात इंग्लंडमधल्या खेड्यांतही असेच होते. ती चर्चे अँग्लिकन होती. त्यांत स्तोत्रसंहितेतली स्तोत्रे इंग्रजी पद्यात बांधून गात. १५६२ सालचे आणि १६९६ सालचे अशी दोन पद्यरूपांतरे विशेष चालत. खेड्यात ऑर्गन घ्यायला पैसे नव्हते. तेव्हा सुतार, चांभार, विणकर, शेतमजूर असे लोक चर्चच्या पश्चिमेकडच्या माळ्यावर बसून फिडल, चेलो, क्लॅरिनेट, बसून अशी वाद्ये वाजवत आणि गात. सापासारखे वळणाचे, सर्पंट नावाचे एक वाद्यही त्यांत असे. चाली ते स्वतःच्या वह्यांत हाताने उतरवून घेत, काही स्वतः रचतही. काही वह्यांत एका बाजूने स्तोत्रांच्या चाली असत, आणि वही उलटी करून दुसऱ्या बाजूने लग्नात, जत्रेत वाजवायच्या नाचाच्या चाली.

टॉमस हार्डी हा प्रसिद्ध कादंबरीकार अशाच घरातला. डॉर्सेट परगण्यातल्या स्टिन्सफर्ड गावच्या चर्चमध्ये त्याचे आजोबा चेलो वाजवत, वडील आणि चुलते व्हायोलिन. नव्या धर्माधिकाऱ्यांच्या काळात, १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला, हे वादन बंद झाले. हार्डीचा जन्म १८४० चा. त्याने ते स्वतः ऐकले नाही, घरच्यांच्या तोंडून ऐकले. पुढे १८७२ साली त्याने 'अंडर द ग्रीनवुड ट्री' या कादंबरीत अशाच एका गावाची कथा लिहिली. गावातले वादक बाजूला होतात आणि त्यांच्या जागी शाळेतली तरुण शिक्षिका ऑर्गन वाजवू लागते. त्यात कोणी दुष्ट नाही. सगळे आपापल्या परीने चांगलेच वागतात. तरी जी माणसे पिढ्यान्‌पिढ्या रविवारी काहीतरी देण्यासाठी येत होती, ती आता रिकाम्या हाताने बाकावर बसतात.

इंग्लंडच्या पुष्कळ चर्चेसनी आणखी एक उपाय केला होता. बॅरल ऑर्गन नावाचे यंत्र आले होते. त्यात खिळे ठोकलेले एक नळकांडे असे. हँडल फिरवले की ठरलेल्या चाली वाजत. वाजवायला येण्याची गरज नाही. फिरवता आले की पुरे. म्हणजे आपला मोबाइलचा प्रश्न निदान दोनशे वर्षांचा जुना आहे.

या गोष्टीत फक्त धर्माधिकाऱ्यांना दोष देणे मात्र न्यायाचे होणार नाही. वादकांतही दोष होते. काही बेसूर वाजवत, काही भांडत, काहींना माळा आपल्या मालकीचा वाटे. गाणे सुरू झाले की खाली बसलेले लोक उठून वेदीकडे पाठ करीत आणि माळ्याकडे तोंड करून उभे राहत. हा तपशील आपल्या गायनमंडळांनीही लक्षात ठेवण्याजोगा आहे. गाणारा चांगला असला तरी लोकांनी वेदी सोडून त्याच्याकडे पाहावे असे झाले, तर काहीतरी बिघडले आहे.

इंग्लंडच्या खेड्यातून आलेला ओवीकार

इंग्लंडच्या अशाच एका खेड्यातून एक मनुष्य चारशे वर्षांपूर्वी आपल्याकडे आला आणि त्याने आपल्याला मराठी ओवी दिली. फादर टॉमस स्टीफन्स हे विल्टशायर परगण्यातल्या बुश्टनचे. येशूसंघीय म्हणून ते १५७९ साली गोव्यात उतरले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना आपल्या भाषेत गाता येईल असे काही नाही, हे त्यांनी ओळखले. त्यांनी ओवी घेतली. जात्यावर बसलेली बाई जी रचते, ज्ञानदेवांनी जी वापरली, तीच. तिच्यात त्यांनी सुमारे ११ हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. १६१६ साली ते राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले, पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा. रविवारी आणि सणाच्या दिवशी दुपारनंतर ते चर्चमध्ये गाऊन वाचले जाई.

नंतर दिवस पालटले. १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने लोकांची बोली बंद करण्याचा हुकूम काढला. पुराणाच्या त्या तिन्ही छापील आवृत्त्यांपैकी आज एकही प्रत उपलब्ध नाही. तरी पुराण नाहीसे झाले नाही. गोव्यातल्या आणि मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांनी ते हाताने उतरवून घेतले, एकाने दुसऱ्याला दिले आणि गात राहिले. १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरला ते पुन्हा छापले, ते अशा हस्तलिखितांवरून. देवनागरीतले एक हस्तलिखित लंडनमध्ये सापडले.

छापील प्रती गेल्या, वह्या राहिल्या. असे का झाले असावे? वही ज्याच्या घरी होती त्याला ती हवी होती, त्याने तिच्यासाठी श्रम केले होते. ज्याच्यासाठी श्रम केले ते माणूस सहजासहजी टाकत नाही. त्या घरांत कोणी मोठे विद्वान नव्हते. आपण काही इतिहास वाचवतो आहोत असेही त्यांना वाटले नसेल. त्यांना फक्त गायचे होते.

'चाल' कोणाला येते?

इंग्लंडमधल्या वह्या आणि आपल्या वह्या यांत एक मोठा फरक आहे. त्यांनी स्वरलिपी लिहून ठेवली होती. म्हणून वादक गेले, शंभर-दीडशे वर्षे गेली, तरी वह्यांवरून चाली पुन्हा वाजवता आल्या. १९९० साली तिकडे अशा संगीतासाठी एक संस्थाही उभी राहिली, आणि लोक हौसेने जुन्या वह्या शोधून त्या चाली गाऊ लागले.

आपल्या वहीत स्वर नसतात. गाण्याच्या डोक्यावर 'चाल' एवढे लिहून पुढे दुसऱ्या एखाद्या गाण्याचे दोन-तीन शब्द असतात. ते दुसरे गाणे ज्याला येते त्यालाच हे गाता येते. म्हणजे आपली वही पुरी होते ती माणसाने. ज्या दिवशी ते दुसरे गाणे येणारी शेवटची व्यक्ती जाते, त्या दिवशी वहीतले शब्द राहतात आणि गाणे संपते.

बायबलमध्येही हेच झाले आहे. स्तोत्रसंहिता उघडून काही स्तोत्रांच्या वरची लहान अक्षरांतली टीप पाहावी. बावीसाव्या स्तोत्राच्या डोक्यावर पहाटेच्या हरिणीचा उल्लेख आहे, पंचेचाळिसाव्याच्या डोक्यावर भुईकमळांचा. अभ्यासकांच्या मते ही त्या काळच्या गाण्यांची नावे आहेत. म्हणजे लिहिणाऱ्याने आपल्यासारखेच 'चाल अमुक' असे लिहिले आहे. ती हरिणीची चाल आज जगात कोणालाही येत नाही. प्रभू येशूने क्रूसावर ज्या स्तोत्राचे पहिले शब्द उच्चारले, ते हेच बावीसावे स्तोत्र. त्याचे शब्द आपल्याजवळ आहेत, मूळ चाल नाही.

यावरून आपण दोन गोष्टी शिकाव्यात. पहिली अशी की कोणतीही चाल अमर नाही. स्तोत्रांच्या मूळ चाली गेल्या तरी स्तोत्रे गेली नाहीत, कारण प्रत्येक देशाने आणि पिढीने त्यांना आपली चाल दिली. तेव्हा "जुनी चाल बदलली की धर्म बुडाला" असे म्हणू नये. तरुणांनी नवी गाणी आणली तर नाक मुरडू नये. दुसरी गोष्ट अशी की चाल देणाऱ्या माणसाशिवाय गाणे पुढे जात नाही. स्तोत्रे टिकली ती कोणी ना कोणी गात राहिले म्हणून. सगळे ऐकतच राहिले असते तर टिकली नसती.

पण देवाला उत्तमच द्यायला नको का?

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. देवाला द्यायचे ते उत्तम असावे. निर्गमाच्या पुस्तकात निवासमंडप बांधणाऱ्या बसालेलचे कौशल्य हे देवाच्या आत्म्याचे दान म्हणून सांगितले आहे. मग बेसूर, बेताल गाणे देवापुढे ठेवून "आमचे मन शुद्ध आहे" असे म्हणणे हा आळस नव्हे काय?

हा आक्षेप आपण मान्य केला पाहिजे. आपले आहे म्हणून कसेही चालेल, हे म्हणणे भक्तीचे नाही. पाहुण्याला शिळी भाकरी वाढून "घरचीच आहे" असे सांगणे जसे, तसेच ते.

पण याचे उत्तर मोबाइल नव्हे. दावीद राजाची एक गोष्ट शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी आहे. देशावर मरी आली होती. वेदी बांधण्यासाठी दावीद अरवना नावाच्या माणसाचे खळे विकत घ्यायला गेला. अरवना म्हणाला, खळे फुकट घ्या, बैल घ्या, जळणाला औते घ्या. राजाने नाकारले. स्वतःला काही खर्च न पडता देवाला होम करणे त्याला योग्य वाटले नाही. त्याने पैसे मोजले आणि मगच वेदी बांधली. अरवनाचे बैल काही वाईट नव्हते. ते दाविदाचे नव्हते, एवढेच. मंदिरात दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेकडे प्रभूने बोट दाखवले, तेही याच कारणासाठी. पेटीत जास्त कोणी टाकले हे त्याने पाहिले नाही. कोणी आपल्या गरजेतून टाकले हे पाहिले.

या कसोटीवर दोन्ही बाजू तपासून पाहाव्यात. स्पीकरवर लावलेले गाणे आपल्याला काहीच खर्चात पाडत नाही. आणि सराव न करता, मिस्सा सुरू होताना "कोणते घ्यायचे?" असे कुजबुजत सुरू केलेले गाणेही आपल्याला काही खर्चात पाडत नाही. एक गोड आहे, दुसरे कडू आहे. पण दोन्ही फुकट आहेत. देवापुढे नेण्याजोगे गाणे ते, ज्याच्यासाठी शनिवारी संध्याकाळी दमून आल्यावरही अर्धा तास कोणी बसले आहे. मग ते थोडे इकडेतिकडे झाले तरी हरकत नाही.

आपली चर्च काय सांगते?

संगीताविषयी चर्चची शिस्त काळानुसार बदलत आली आहे. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी पियानो आणि ढोलासारखी वाद्ये चर्चमध्ये मना केली. त्यांना नाटक-तमाशाचे वातावरण उपासनेत यायला नको होते. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेवरचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात लोकांची धार्मिक गाणी जोपासावीत, ज्या त्या देशाच्या संगीताला योग्य मान द्यावा, उपासनेला साजतील अशी इतर वाद्येही घ्यावीत असे सांगितले. आपल्याकडे ढोलकी, टाळ, तबला वेदीजवळ आले ते त्यानंतर. म्हणजे वाद्य कोणते, या प्रश्नाचे उत्तर बदलले.

न बदललेली गोष्ट वेगळीच आहे. परिषदेच्या आधी, सप्टेंबर १९५८ मध्ये, रोमच्या संबंधित विभागाने पवित्र संगीताविषयी सूचना काढल्या. त्यांत ग्रामोफोन, रेडिओ, टेप अशा आपोआप वाजणाऱ्या यंत्रांना उपासनाविधीत मज्जाव केला होता. पाच वर्षांनी परिषदेने सांगितले की भाविकांनी उपासनेत पूर्णपणे, समजून आणि सक्रिय भाग घ्यावा. तिने गायनमंडळांनाही उत्तेजन दिले आणि योग्य वेळी शांतताही पाळायला सांगितले. पहिल्या कागदावर मनाई आहे, दुसऱ्यावर निमंत्रण. पण दोहोंमागचा विचार एकच आहे. उपासना ही इथे आता जमलेल्या माणसांची कृती आहे.

यंत्र म्हणजे पाप, असा याचा अर्थ नाही. इंग्लंडच्या कित्येक खेड्यांत फिडलवाल्यांना उठवून त्यांच्या जागी जे वाद्य आले ते हार्मोनियम. तेच आपल्याकडे आले, मांडीजवळ जमिनीवर बसले आणि कीर्तन-भजनाची पेटी झाले. वाद्याकडे दोष नसतो. ते आल्यावर किती तोंडे उघडली आणि किती बंद झाली, हे पाहायचे असते. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांच्या हातांना विसावा मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. पण जाते थांबले आणि जात्यावरची ओवीही थांबली. ओवी कोणी बंद केली नव्हती. तिला बसायला जागा उरली नाही, इतकेच.

पालखीकडून एक धडा

दर वर्षी आषाढी वारीत श्री संत तुकाराम महाराजांची पालखी यवतहून निघून आपल्या वरवंडला मुक्कामी येते आणि पुढे उंडवडी गवळ्याचीकडे जाते. त्यांचा मार्ग निराळा, आपली श्रद्धा निराळी. पण शेजाऱ्याच्या अंगणातली चांगली गोष्ट पाहायला काही हरकत नसावी. दिंडी चालत असते तेव्हा तिच्यात श्रोता कोणी नसतो. वीणेकरी, टाळकरी, पखवाजवाला, डोक्यावर तुळस घेतलेली म्हातारी, सगळे गातात. कित्येकांचे आवाज बसलेले असतात. कोणी कोणाला "तू गाऊ नको, तुझा सूर लागत नाही" असे म्हणत नाही. तुकोबांचे अभंगही छापील गाथा येईपर्यंत वह्यांवह्यांतूनच पुढे आले. रस्त्याच्या कडेला उभे राहून आपण ते ऐकतो तेव्हा एक विचार मनात यावा: आपल्या मिस्सात गाणारे किती आणि ऐकणारे किती?

आपण काय करू शकतो?

विचार इथेच सोडून देऊ नये म्हणून तीन साध्या गोष्टी सुचवतो.

पहिली. घरातली वही बाहेर काढावी. ती चर्चला देऊन टाकू नये, घरातच राहू द्यावी; पण दुसऱ्याला उतरवून घेऊ द्यावी. वही कुलपात ठेवणाऱ्याच्या वहीला वाळवी लागते. ख्रिस्तपुराण वाचले ते उतरवून घेऊ देणाऱ्यांमुळे.

दुसरी. ज्यांना चाली येतात त्यांच्याजवळ जाऊन बसावे. मोबाइलचा खरा उपयोग इथे आहे. आजीच्या खाटेशी बसून तिचे गाणे त्यात भरून घ्यावे, कोणी शिकवले ते तिला विचारून लिहून ठेवावे. मग ते ऐकत आपण शिकावे आणि रविवारी आपल्या तोंडाने गावे. तोच मोबाइल वेदीजवळ आपले तोंड बंद करतो आणि आजीच्या खाटेशी बसला तर आपल्याला गाता करतो.

तिसरी. धर्मशिक्षणाच्या मुलांनी आगमनकाळापूर्वी प्रत्येकी एक गाणे स्वतःच्या अक्षरात वहीत लिहावे आणि चाल शिकून घ्यावी. एकच पुरे.

आणि एखाद्या रविवारी खरोखरच गाणारे कोणी नसले तर? एकाने सोपे ध्रुपद सुरू करावे, बाकीच्यांनी धरावे. तेही जमले नाही तर स्तोत्र सावकाश वाचावे आणि क्षणभर शांत राहावे. त्या शांततेत आपण सगळे हजर असतो.

घरी विचार करण्यासाठी

१. आपल्या घरात कोणाला अशी एखादी चाल येते का, जी बाकी कोणालाच येत नाही?

२. गेल्या महिन्यात मिस्सामध्ये आपण किती गाणी गायली आणि किती नुसती ऐकली?

३. देवाला देताना आपल्याला खर्चात पाडणारी आपल्याजवळची गोष्ट कोणती?